माफी स्वीकारली म्हणजे गुन्हा कबूल केला, असे होते का? (मदत हवी आहे)

अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी, वॉटरगेट प्रकरणामुळे पायउतार झालेले माजी अध्यक्ष निक्सन यांना दिलेल्या माफीवरील एका लेखाचे मी भाषांतर करत आहे आणि एकाच वाक्यापाशी चार दिवस अडकले आहे. माफीत गुन्ह्याचा ठपका असतो आणि ती स्वीकारण्यात त्याची कबुली, अशा आशयाचे हे वाक्य अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९१५ च्या बर्डिक निकालातले आहे. फोर्ड तो उतारा पुढे पाकिटात बाळगत असत.

मूळ निकाल वाचला आणि गोंधळ वाढला. जॉर्ज बर्डिक हे 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे शहर-संपादक. जकात चुकवेगिरीच्या बातम्या कोणी पुरवल्या, हे ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) सांगितल्यास आपणच गोत्यात येऊ, असे कारण देऊन ते गप्प राहिले; ते कारणच उरू नये म्हणून अध्यक्ष विल्सन यांनी न मागताच माफीपत्र धाडले, जे बर्डिक यांनी घेतले नाही. माफी नाकारता येते, असे म्हणत न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे वाद नाकारण्याच्या हक्काचा होता. कबुलीचे वाक्य ओघात आले, असे मला वाटते.

शिवाय २०१९ मध्ये माफी मिळालेले लष्करी अधिकारी लॉरन्स यांच्या प्रकरणात, माफी स्वीकारल्याने कायदेशीर कबुली दिली असे होत नाही, असे तिथल्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. आणि अमेरिकी लष्करी अधिकारी हेन्री फ्लिपर यांना १९९९ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली, ती स्वीकारली कोणी? खुद्द निक्सन यांनीही माफी घेताना चुका मान्य केल्या, गुन्हा नव्हे.

वकिलीतल्या एका स्नेह्यांनी 'माफीच्या साक्षीदारा'चा दाखला दिला, पण तो मला गैरलागू वाटतो, कारण तिथे सगळे खरे सांगणे ही माफीची अटच असते. आपल्याकडे जवळचे उदाहरण राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींकडे करायच्या दयेच्या अर्जाचे. इंदिरा गांधी हत्येतील दोषी केहर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की राष्ट्रपती पुरावा स्वतः तपासून वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात, मात्र न्यायालयाचा निकाल त्यामुळे बदलत नाही. मग 'मी निर्दोष आहे' असे म्हणतही दया मागता यायला हवी.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बर्डिकमधले ते वाक्य बंधनकारक मानले जाते का? आणि दयेचा अर्ज हीच कबुली, असे आपल्या एखाद्या न्यायालयाने कधी म्हटले आहे का? तसे असल्यास निकालाचे नाव व वर्ष कळवावे, म्हणजे तळटीप त्याप्रमाणे लिहिता येईल.