'फुकोकु क्योहेइ' : नेमका अर्थ काय?

जिज्ञासू : मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) जपानबद्दल वाचताना 'फुकोकु क्योहेइ' सारखं भेटतं. एके ठिकाणी 'श्रीमंत देश, बलाढ्य सैन्य' असा अर्थ दिलाय. मग ही घोषणा कारखानदारीच्या प्रकरणात कशाला?

मुळाक्षर : 'देश श्रीमंत करा, सैन्य बळकट करा' असं वाचा, म्हणजे उलगडेल. शब्द जुन्या चिनी ग्रंथांतला. कारखानदारीसाठी वेगळी जोडघोषणा होती : 'शोकुसान कोग्यो', उत्पादन वाढवा, उद्योग उभारा. तोफांना पोलाद हवं, पोलादाला पैसा, पैशाला निर्यात.

चहाबाज : पण हे सगळं अमेरिकी नौदल अधिकारी पेरीच्या काळ्या जहाजांच्या धाकाने ना? शाळेत तेवढंच शिकलो.

मुळाक्षर : १८५३ ची ती चार जहाजं हे निमित्त. अफूच्या युद्धात ब्रिटिशांपुढे चीनची काय गत झाली, हे एदोत (आजच्या टोकियोत, तेव्हाच्या सत्ताकेंद्रात) आधीच ठाऊक होतं. माझ्या मते खरी मेख पाश्चात्त्य देशांशी झालेल्या १८५८ च्या तहांत आहे. परकीयांवर जपानी न्यायालयात खटला चालवता येईना, जकात ठरवायचा हक्कही गेला. १८६६ पासून बहुतेक आयातीवर जेमतेम ५ टक्के जकात. विलायती सूत-कापड थोपवणार कसं? तोच माल आपण काढायचा, एवढीच वाट उरली. जकातीचा पूर्ण हक्क परत मिळाला तो थेट १९११ मध्ये!

रेशीमगाठ : निर्यात म्हणजे मुख्यतः कच्चं रेशीम. १८७२ मध्ये सरकारने तोमिओकाला गिरणी काढली, ३०० जणी एकाच वेळी धागा काढतील एवढी मोठी. फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुना देखरेखीला. पण कामाला मुलीच येईनात! फ्रेंच लोक लाल वाइन पीत, तर गावात बोभाटा झाला की हे रक्त पितात. शेवटी पहिले व्यवस्थापक ओदाका आत्सुतादा यांनी स्वतःच्या मुलीला, यूला, कामावर घेतलं. मग सामुराई घराण्यांतल्या मुलीही आल्या. घरच्या पुरुषांचे पिढीजात तनखे तेव्हा बंद होत चालले होते, हेही विसरू नका.

चहाबाज : भारी! आणि सुती गिरण्या?

रेशीमगाठ : त्यात आपली मुंबई येते. ओसाकाच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस लागायचा. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई–कोबे जहाजं सुरू केली, पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या मक्तेदारीला शह म्हणून.

जिज्ञासू : आभार. टिपणात 'सैन्य बळकट करा' लिहितो, आणि शेजारी जकातीचं कलम.