थारच्या दाराची काच : आधी दार रिकामं करा

थार गाडीच्या दाराची फुटलेली काच घरी बदलता येते का, या प्रश्नावर बहुतेकांचं म्हणणं आहे की येते. खरंच येते. पण नवी काच आणण्याआधी दाराचं पोट साफ करा. दाराची काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. ती समोरच्या काचेसारखी तडा जाऊन जागेवर राहत नाही, तिची खडीसाखर होते आणि निम्मी दारात उतरते. व्हॅक्यूम मारून भागत नाही. दाराच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात, तिथे तार घालून बघा. चुरा तिथेच बसलेला असतो आणि पुढे पाणी तुंबून पत्रा गंजतो. काच ज्या खाचेत सरकते ते रबर चॅनलही झटका. एक खडा राहिला तरी काच खालीवर होताना उभी रेघ पडलीच म्हणून समजा.

ट्रिमच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागचा प्लास्टिकचा कागद फाडू नका, सोलून काढा आणि तसाच परत चिकटवा. गॅरेजवाले हाच कंटाळा करतात, मग पावसाळ्यात ट्रिम फुगते.

नवी काच आधी पूर्ण वर नेऊन चॅनलमध्ये बसू द्या, मगच काच धरणारे बोल्ट आवळा, तेही बेताने. जास्त पिळलं तर काच तिथूनच जाते.

काचेच्या कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का बघून घ्या. आणि ज्यांनी 'आता काळीच काच बसव' सुचवलंय त्यांना : नियमाने बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत यावा लागतो. दंड तुम्ही भरणार का?