मदत हवी आहे : 'रन' या इंग्रजी शब्दाचे अर्थ बाबांना कसे शिकवू?

नमस्कार मंडळी,

बाबा (वय ६८) दिवाळीनंतर ताईकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला जाणार आहेत. शाळा सातवीपर्यंत, पुढे सगळा जन्म शेतीत. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही अर्धा तास इंग्रजी घेऊन बसतो. 'रन' म्हणजे धावणे, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. परवा ताईचा फोन आला, नातवाचं 'नोज इज रनिंग'. बाबांनी वही उघडून विचारलं, "नाक कसं धावतं गं?"

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. आपलं नाक वाहतं. आपलं दुकान चालतं, घड्याळ चालतं, इंग्रजीत तिथेही 'रन'. धुताना कपड्याचा रंग गेला तरी 'रन'. घरातली साखर संपली की 'रन आउट', आणि बाबांना रन आउट माहीत आहे ते क्रिकेटमधलं. निवडणुकीला आपण उभे राहतो, ब्रिटिशही 'स्टँड'च म्हणतात, अमेरिकेत मात्र 'रन'. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने त्यावरच काम करत होते.

बाबांना धीर यावा म्हणून मी आपलं 'लागणे' सांगितलं : भूक लागते, ठेच लागते, झाडाला कैऱ्या लागतात, घाटात गाडी लागते, आणि 'तो तुझा कोण लागतो?' ते म्हणाले, "हे कुणी शिकवलं नाही, कानावर पडून आलं." खरं आहे, पण इथे वेळ थोडा आहे. यादी पाठ करून घ्यायची नाहीये मला. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद :
ताई, मी प्रौढांचे वर्ग घेतो. नुसता 'रन' वहीत लिहूच देऊ नका, सोबतच्या शब्दासकट अख्खं वाक्य लिहायला सांगा. 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' : दूध संपलं. शिवाय 'वाहणे' आणि 'चालू असणे' ही दोन मराठी क्रियापदं मनाशी धरली की नाक, नळ, रंग एकीकडे आणि दुकान, घड्याळ, मशीन दुसरीकडे जातात. धावणं त्यांना येतंच. काकांना घरात रोज कानावर पडतील अशी दहा वाक्यं ताईंकडूनच मागवा.

धागाकर्ती :
मनापासून आभार, आजच ताईला कळवते. एक अडलंय. 'रन इंटू' म्हणजे रस्त्यात कुणी अवचित भेटणे, आणि गाडी आदळणे हेही तेच. ताई फोनवर म्हणाली की ती शेजारच्या आजोबांना 'रॅन इंटू', तर बाबा घाबरतील. हे दोन त्यांना वेगळे कसे ओळखू येतील?