आधी मेंदू की आधी महाधमनी?

महाधमनी जन्मतःच अरुंद आहे आणि आता मेंदूत अॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) सापडलाय तर कॉइलिंग (फुग्यात बारीक तारेची वेटोळी भरून तो बंद करणं) मांडीतून का करत नाहीत, असं एकाने विचारलंय. अहो, मांडीतून घातलेला कॅथेटर (बारीक नळी) नेमका त्या अरुंद जागेतूनच वर न्यावा लागतो, जागा फारच चिंचोळी असेल तर तो पुढे सरकतच नाही, म्हणून मग उजव्या मनगटातून जातात, त्या हाताची रक्तवाहिनी सहसा अडथळ्याच्या आधीच निघते ना.

खरा घोळ आधी काय करायचं हा. फुगा फुटला असेल तर आधी मेंदू, विषय संपला. न फुटलेल्याचं अवघड, कारण कोआर्क्टेशनमुळे (म्हणजे महाधमनीच्या या अरुंदपणामुळे) वरच्या अंगाचं बीपी चढलेलं म्हणजे फुग्यावर ताण, पण महाधमनीच्या अरुंद जागी स्टेंट (जाळीची नळी) घालायचा तर रक्त पातळ करायची औषधं आली, म्हणजे फुगा फुटला तर रक्तस्राव जास्त, आणि गोळ्यांनी बीपी फार उतरवलं तर खाली किडनीला रक्त कमी पडतं. दोन्हीकडून पंचाईत!

मेयो क्लिनिकच्या २००३ च्या पाहणीत कोआर्क्टेशनच्या १०० पैकी १० पेशंटना मेंदूत असे फुगे निघाले होते, त्यामुळे लहानपणी ऑपरेशन झालेल्यांनीही एमआर अँजिओबद्दल (रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय) कार्डिऑलॉजिस्टला विचारा. आणि हो, बीपी उजव्या हातावर मोजा, डावा कधीकधी फसवतो.