मदत हवी आहे : मरियम मुरसाल यांची सोमाली गाणी

मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या श्रवणमंडळात गाणी ऐकवायची पाळी माझी आहे. मी मरियम मुरसाल निवडल्यात.

सोमालियाच्या ‘वाबेरी’ या सरकारी कलापथकातल्या या गायिका. सियाद बारे यांच्या राजवटीवर आडून टीका करणारं गाणं गायल्या आणि त्यांना गायलाच बंदी आली. मग बाईंनी चक्क टॅक्सी चालवली! पुढे यादवी पेटल्यावर पाच मुलांना घेऊन, कधी पायी तर कधी ट्रकमधून, शेजारचा जिबूती देश गाठला. तिथून निर्वासित म्हणून डेन्मार्क. १९९८ साली ‘द जर्नी’ हा अल्बम आला.

माझं घोडं अडलंय ते इथे. खाली बास गिटार आणि नाचायला लावणारा ठेका, वर तो भरदार, थोडा खरखरीत आवाज. सोमाली संगीत पाच स्वरांचं, त्यामुळे पेटीवर सूर शोधताना हात आपसूक भूप रागाकडे वळतो. पण सा नेमका कुठला धरायचा? गंधाराला सा मानलं तर त्याच पट्ट्यांवर मालकंस राग उभा राहतो. (उगाच ‘हे आपल्या भूपासारखंच’ असं ठोकून द्यायचं नाहीये.) मूर्छनांचा (म्हणजे तेच स्वर ठेवून सा बदलण्याचा) अभ्यास असलेलं कुणी ऐकून सांगेल का?

दुसरं म्हणजे, पुण्यात शिकणारे सोमाली विद्यार्थी कुणाच्या ओळखीचे आहेत का? दोन गाण्यांचा अर्थ समजून घ्यायचाय. ऑनलाइन भाषांतर करून पाहिलं, पार विनोदी निघालं. चहा-पोहे माझ्याकडून.