मदत हवी आहे: स्वेटरची बटणपट्टी लहरतेय

अ‍ॅक्रिलिक लोकर, १० नंबरच्या सुया; अंगाची वीण साधी, एक ओळ सुलट, एक उलट. पुढची कड १२० ओळींची. चार ओळींमागे तीन या नेहमीच्या हिशेबाने ९० टाके उचलून त्याच सुयांवर एक सुलट-एक उलट अशी पट्टी विणली. गळ्याजवळ ठीक आहे, खाली मात्र चक्क झालर!

पट्टीला १२ नंबरची (१० पेक्षा बारीक) सुई घेऊन ९०च ठेवावेत, की तीन ओळींमागे दोन धरून ८० उचलावेत? ८० ने कड वर ओढली जाईल असं वाटतं. टाके सैल बंद झाल्यानेही एवढा फुगारा येतो का? कृपया वाफेची इस्त्री सुचवू नका, अ‍ॅक्रिलिक त्याने कायमचं लोळागोळा होतं.

आणि साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास १२ नंबरची लांब गोल सुई मिळेल का?