पायाच्या बायपासनंतर जोडाच्या जागी काय काय झालं? अनुभव लिहा

सांजवारा: काल सोनोग्राफीच्या रांगेत शेजारचे काका जांघेवर हात धरून बायकोला म्हणत होते, "बघ गं, इथे उडतंय", आणि मला बाबांचं सगळं आठवलं. तुंबलेल्या धमन्यांना वळसा म्हणून पोटातून दोन्ही पायांना जाणारी कृत्रिम नळी टाकलेली, बरीच वर्षं छान चालली, मग जांघेत जिथे ती धमनीला जोडली होती तिथेच गाठ. दुखत नाही काही नाही, घरात सगळ्यांचं एकमत की हर्निया. पण हात ठेवला की नाडीबरोबर उडायची. डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) निघालं स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे शिवण एका बाजूने सुटून रक्त बाहेर आलेलं आणि भोवतालच्या मांसाने ते कसंबसं कोंडलेलं. परत ऑपरेशन, तेवढा भाग काढून नवा तुकडा जोडला. दुसरी बाजूपण तपासली, ती ठीक होती. तुमच्याकडे कोणाला झालंय का?

रिकामटेकडी: आईला गाठ नाही, टाक्यांतून नुसतं पाणी. ड्रेसिंग सारखं भिजायचं. पू नाही म्हणाले, जांघेतल्या लसिकावाहिन्या (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) कापल्या जातात त्यातून गळतं. आटलं हळूहळू. पायाची सूज बरेच दिवस होती. दार वाजलं, येते नंतर

उंटावरचा: माझं उलटं. माझीच शीर घेऊन गुडघ्याखाली जोडलेली, तिथे आतून अस्तर जाड होऊन वाट अरुंद. त्रास शून्य, पाय गरम, चालणं झकास, आणि डॉक्टर म्हणे एका जागी रक्ताचा वेग फार वाढलाय. मी म्हटलं मग चांगलंच की! ते हसले, म्हणे पाइप चिमटीत धरला की धार जोरात येते ना, तसं. फुग्याने रुंद केलं. एकदा पूर्ण बंद पडली की उघडणं अवघड म्हणून त्रास नसतानाही डॉप्लर करायचं, पहिल्या दोन वर्षांत तर नक्कीच.

खिडकी: अवांतर. पूर्वी रेशमी दोऱ्याने शिवायचे, तो वर्षांनी कमकुवत व्हायचा आणि जोड सुटायचे. कृत्रिम नळी धमनीशी नीट एकजीव होत नाही, भिस्त दोऱ्यावरच. आता पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक प्रकारचा प्लास्टिकचा दोरा वापरतात. आणि रक्तवाहिन्या शिवायची पद्धत बसवणाऱ्या अलेक्सिस कॅरेलला १९१२ चं नोबेल आहे बरं का

रिकामटेकडी: शिवणकामाला नोबेल!! सासूबाईंना सांगते 😂

पानगळ: हसू नका गं, इन्फेक्शन वाईट असतं. भावाची जखम भरत आलेली, मग लाली, ताप, आणि एका रात्री पट्टीवर थोडं ताजं रक्त. आपोआप थांबलं, तो म्हणे सकाळी जाऊ. वहिनीने ऐकलं नाही, रात्रीच नेलं. असं थोडं रक्त हे मोठ्या रक्तस्रावाआधीचं असू शकतं म्हणाले. नळी काढावी लागली, शीर वापरून दुसरा मार्ग केला, वर मांडीचा स्नायू फिरवून झाकलं. पाय वाचला.

सांजवारा: बापरे. वहिनींना सलाम 🙏

उंटावरचा: पानगळताई, भाऊ सिगारेट ओढायचे का? माझी अजून सुटत नाहीये, बायको रोज खिसे तपासते

पानगळ: ओढायचा. आता च्युइंगगम. तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करते दादा, वहिनीच्या युक्त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत